"छोटीला गहू बंद करा, शेठ"

इस्माईलचाचा दळणाच्या डब्यात हात घालून घरची बातमी सांगायचे. "हरभरा डाळ जास्ती है, पाहुणे आले वाटतं." "ज्वारी अर्धीच? सूनबाई माहेरी गेली व्हय?" गुलमंडीत माझ्या कापडदुकानामागेच त्यांची गिरणी होती. मिशा, भुवया, पापण्या सगळं पिठानं पांढरं. खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा भर गर्दीत त्यांनी माझा डबा तसाच परत सरकवला. "छोटीला गहू बंद करा, शेठ."

माझी धाकटी सुमन तेव्हा नऊ वर्षांची. हातपाय काड्या, पोट फुगलेलं, सारखे जुलाब. जंताची औषधं झाली, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या.

चाचा म्हणाले, "खुलताबादला आत्याकडं महिनाभर बाजरी खाल्ली, गाल भरले. इथं पोळी सुरू, की फिर वही. तुमचं दळण मी दळतो जी, मला कळत नाय?"

मी भडकलो. लहानपणी मी पोळी फक्त सणाला पाहिलेली. डोक्यावर गठ्ठे वाहून दुकान उभं केलं, ते पोरीला भाकरीवर ठेवायला?

"पीठ दळा, डॉक्टरकी करू नका," म्हणालो आणि गिरणी बदलली. एकांतात सांगितलं असतं तर ऐकलं असतं, असं मी अजूनही म्हणतो. उलट पोर अशक्त म्हणून घरी रव्याची खीर सुरू केली.

उन्हाळ्यात सुमनला जिना चढवेना. मोठ्या डॉक्टरांना मी चाचांचं बोलणं चिडूनच सांगितलं. ते हसले नाहीत. रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहिला. सिलिॲक नावाचा आजार निघाला. गव्हानं पोरीचं आतडं आतून खराब केलं होतं. गहू जन्मभर बंद.

माफी मागायची मला सवय नाही. गिरणीत जाऊन ज्वारीचा डबा पुढे केला. चाचांनी तोही परत सरकवला!

"इथं दिवसभर गहू दळतो. त्याचं पीठ मिसळतं. चला."

मागच्या खोलीत ते एकटेच राहत. कोपऱ्यात हातजातं होतं, धुऊन वाळवलेलं.

"माझ्या मुन्नीचं पोट असंच फुगायचं," ते म्हणाले. "गिरणीवाल्याची पोर. सगळ्यात बारीक पीठ तिला. सातव्या वर्षीच गेली. हेच होतं का, खबर नाय. तवा कोण सांगणार?"

ते जात्यापाशी बसले. मीही समोर बसून खुंट्याला हात लावला. ज्वारी सरली. मी हात काढला. चाचा रिकामं जातं फिरवतच राहिले.