मरळीचा बाप

जनावरांच्या दवाखान्यात मासा घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अंबूनाना.

युसूफ वडगाव नावाच्या गावात मी पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर आहे. शेळ्यांच्या जखमा धुणं, बैल पाडून धरणं आणि डॉक्टर दौऱ्यावर गेले की लोकांची बोलणी खाणं, हे माझं काम. त्या दिवशी बाहेर म्हशींची रांग लागलेली. नाना आले ते बादली आणि छत्री घेऊन. ऊन रणरणत होतं, पण छत्री त्यांनी स्वतःवर धरली नव्हती. बादलीवर धरली होती.

"केसपेपर काढा सायब."

"कशाचा?"

त्यांनी ओलं गोणपाट बाजूला केलं. बादलीत हातभर लांबीची काळी मरळ वळून पडलेली. तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबत होता.

"नाना, हा मासा आहे."

"मंग? बाहीर पाटी काय लावली? जनावरांचा दवाखाना. मासा काय झाड हाय?"

रांगेतला एक जण फिदीफिदी हसला. नाना गर्रकन वळले. "तू गप बे. तुही म्हैस लई शिकलेली हाय का?"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "नाना, याला औषध लागत नाही. मसाला लागतो."

सगळी रांग हसली. नाना हसले नाहीत. "ह्याची लेकरं पान्यात हायेत, डाक्टर," एवढंच म्हणाले.

डॉक्टर आत गेले. मीच चिमटा हातात घेतला. दया आली म्हणून नव्हे, केसपेपर काढल्याशिवाय नाना हलणार नाहीत हे माहीत होतं म्हणून. मालकाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "धरन लिवा." सुई टोचताना लेकरू धरतात तशी त्यांनी मरळ गोणपाटात धरली. गळाचा आकडा खोल रुतला होता. मी ओढत होतो आणि नाना तिच्या कानाशी, म्हणजे जिथं कान असायला हवा तिथं, "झालं, झालं" म्हणत होते.

नाना कुणी संत नाहीत, हे आधीच सांगतो. मासे धरूनच त्यांचं पोट चालतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते धरणात जाळं टाकतात. त्यांचा माल पार मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर जातो. चिलापी या परक्या माशाचं नाव काढलं की थुंकतात. "पाव्हनी म्हनून आली, आता घरच्यांलाच खाती." पण मरळीला पिल्लं झाली की नानांचं जाळं खुंटीला. ते दोन महिने सोयाबीन खुरपायला जातात, आणि उरल्या वेळात एक नोकरी करतात. ती त्यांना कुणी दिलेली नाही.

मरळीची पिल्लं पाण्यावर लालसर ठिपक्यासारखी झुंडीनं तरंगतात. बाप खाली राखणीला असतो. नाना तराफा घेऊन जवळ बसतात आणि कुणी गळ घेऊन आलं की जर्मनचं ताट बडवतात. मागं एका पुढाऱ्याचा भाचा जीपमधून आला. ताटाच्या आवाजानं वैतागून त्यानं ते हिसकावलं आणि पाण्यात भिरकावलं. तर नाना तोंडानं वाजवत बसले. टण टण टण. तासाभरानं जीप निघून गेली.

"एवढं कशाला करता नाना?" मी एकदा विचारलं होतं.

"गळ लेकरांत टाकला की बाप तोंड मारतो, सायब. भुकंनं न्हाई. रागानं. अन् तसाच फसतो."

तर, गळ निघाला. मग नाना म्हणाले, आता सोडायला चला. दवाखाना बंद झाल्यावर मी गाडी काढली. मागं नाना, मांडीवर बादली, बादलीवर छत्री.

श्रावण होता, पण पाऊस नव्हता. धरण पार आत गेलेलं. भेगाळलेला गाळ तुडवत आम्ही पाण्यापर्यंत पोचलो. तिथं नानांची बायको, गयामावशी, दगडांचा ढीग लावून बसली होती आणि बगळ्यांना हाणत होती.

"किती येळ लावला! लई बगळे आलते," ती ओरडली.

नाना कमरेइतक्या पाण्यात गेले. मरळ दोन्ही हातांत धरून बराच वेळ मागं-पुढं हलवली, मग सोडली. ती आधी कलंडली, मग सरळ झाली आणि खोल पाण्याकडं निघून गेली. पिल्लं होती त्याच्या उलट्या बाजूला.

"या आता बाहेर," मी म्हणालो.

"बाप परत येईपर्यंत हितं कुनीतरी पाह्यजे."

मी मावशीकडं बघून हसलो. ती हसली नाही. तिनं एक दगड भिरकावला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"आमी मूळचे शिरूरकडचे, सायब. ऊस तोडाया जायचो. पोरगी तीन वर्साची. निगायच्या येळी तिला ताप व्हता, म्हून सासूपाशी ठिवली. मंग फडात निरोप आला, पोरगी लई आजारी हाय. मुकादम म्हनला, गाड्या भरल्याबिगर कुनी हलायचं न्हाई. आमी गेलो तवर माती झाल्ती." तिनं अजून एक दगड उचलला, पण मारला नाही. "मी रडले. ह्यांनी कोयता टाकला अन् माझ्या म्हायेराला हितं आले. रडले मातर न्हाईत."

मग तिनं लुगडं खोचलं, फडक्यातली भाकरी घेतली आणि पाण्यात शिरली. एकेक तुकडा मोडून नानांच्या हातावर ठेवत राहिली. नाना उभ्या उभ्या खात होते. नजर त्या लाल ठिपक्यावर.

बाप त्या दिवशी आला नाही.

रविवारी मी पुन्हा गेलो. पिल्लं दिसत नव्हती. उथळ पाण्यात बगळे खुशाल उभे होते, आणि नाना काठावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. हाकलत नव्हते. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "थोडी तरी वाचली असतील."

"असत्याल."

मग ते पाण्याकडंच बघत म्हणाले, "माही माय सांगायची. पोरगी रोज सांजच्याला सडकंला जाऊन बसायची म्हने. अंगात ताप असला तरी. किती गाड्या जायच्या तिथून. पर तिला आमच्या बैलाचं घुंगरू वळखू यायचं. दुसऱ्याची गाडी आली, तर उठायची बी न्हाई."