कानात कापूस घालून पाहिलेली गाडी

राऊत काकाजी गाड्यांच्या शोरूममध्ये शिरले की ड्रायव्हरच्या सीटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वळसा घालून डावीकडच्या सीटवर बसतात, दार लावून घेतात, खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत घालतात, आणि शेजारी बसलेल्या सेल्समनला म्हणतात, "हं, बोला आता. हळू बोला. आणि माह्याकडे पाहू नका."

सेल्समन बोलतो. बॅटरी, वॉरंटी, एअरबॅग, सगळं सांगून होतं. काकाजी डोळे मिटून बसलेले. मग कापूस काढून विचारतात, "काय म्हटलं तुम्ही?"

शोरूममधल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, सरांना काही त्रास आहे का?"

"नाही, त्यांना गाडी घ्यायची आहे," मी म्हटलं.

काकाजी आमचे शेजारी. सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, टर्बाइनपाशी गेली. त्या धडधडाटात ओरडल्याशिवाय बोलणं पोचत नसे, म्हणून आवाज कायमचा वर लागलेला. सकाळी ते दूधवाल्याशी बोलतात तेव्हा मला मिहानच्या आयटी पार्कातल्या ऑफिसला निघायची वेळ झाल्याचं कळतं. काकू नेमक्या उलट. इतक्या शांत, की त्या घरात आहेत की माहेरी, हे दारातल्या चपलांवरून ओळखावं लागतं.

काकाजींनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरवली आणि कॉलनीला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. "सारी जिंदगी वीज बनवली गा," ते चौकातल्या पानठेल्यावर सांगत. "ते कुठं जाते ते कधी दिसलं नाही. आता निदान माह्या पोर्चमध्ये तं येऊ दे."

पसंतीत दोनच गाड्या उरल्या होत्या. एक जुनी, म्हणजे जिने या बाजारात आधी पाय रोवले, जी प्रत्येक गल्लीत एकतरी दिसते. दुसरी नुकतीच आलेली, तिच्याविषयी सगळ्यांना कुतूहल आणि कुणालाच भरवसा नाही. काकाजी त्यांची नावं घेत नसत. जुनीला 'बाई' म्हणत आणि नवीला 'पोरगी'.

"बाईचं सर्व्हिस सेंटर घराजवळ हाय. पोरगी बिघडली तं पाहणार कोण?" असं सोमवारी. बुधवारी, "पोरगी एसीले हुशार हाय. बाई उन्हात थोडी दमते."

हे ऐकीव नव्हतं. गेल्या मे महिन्यात त्यांनी दोन्ही शोरूमवाल्यांना गाडी भर दुपारी उन्हात उभी करायला लावली होती. मग आत बसून एसी सुरू करायला सांगितला. नागपूरच्या मेमध्ये उन्हातल्या गाडीत आपण होऊन बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. थर्मामीटर वगैरे काही नाही. "मिशी थंड झाली पाहिजे," एवढंच. बाईत मिशी उशिरा थंड झाली, पोरीत लवकर.

पण बाकी परीक्षांत बाई पुढे होती. आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर रहिवाशांनी स्वतः हौसेने बांधलेला आहे. त्यावरून रिक्षासुद्धा तिरकी जाते. बाई त्यावरून खाली न घासता गेली. पोरगी घासली. एका चार्जिंगमध्ये बाई लांब जात होती. तिची डिकीही मोठी. शिवाय तिला खरी बटणं होती. पोरीला सगळ्यालाच स्क्रीन. एसीची हवा इकडची तिकडे करायलाही स्क्रीनवर बोट फिरवायचं. पहिल्यांदा काकाजी हवा वळवायला गेले आणि मागची काच उघडली.

"हे गाडी हाय का मोबाईल?" त्यांनी विचारलं.

"सर, आजकाल सगळ्यांना हेच आवडतं," सेल्समन म्हणाला.

"मंग सगळ्यायले विका," काकाजी म्हणाले.

माझ्याकडे स्क्रीन आणि ॲपचं खातं होतं, म्हणून दर खेपेला मला सोबत नेत. मला कंटाळा यायला हवा होता, पण खरं सांगते, आला नाही. माणूस एखादी गोष्ट इतकी मनापासून पारखताना पाहायला मिळत नाही. आपण गाडी घेतो ती मेहुण्याने घेतली म्हणून. काकाजी सीटखाली हात घालून पाहत, दार दहा तऱ्हेने लावून पाहत, टायरशी उकिडवे बसून राहत. पानठेल्यावरचे लोक हसत आणि स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली की गुपचूप त्यांच्याकडेच येत.

कापसाचं मात्र मला कोडं होतं. मला वाटायचं, सेल्समनची बडबड ऐकू येऊ नये म्हणून असेल.

फेब्रुवारीत आम्ही पोरगी घेऊन अमरावती रोडने वाडीकडे गेलो. काकाजींनी ती वाट मुद्दाम निवडली होती. तिथे ट्रकांची गोदामं, रात्रंदिवस अवजड गाड्यांची ये-जा, प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. गाडी मी चालवत होते, काकाजी डावीकडे कापूस घालून, सेल्समन मागे.

"बोल वं काही," काकाजी म्हणाले. "घरी बोलतं तसं. ओरडू नको."

शेजारून एक मोठा ट्रक चालला होता. मी म्हटलं, "आज आमच्याकडे पाटवडी केली आहे."

"कोणी केली? सासूबाईनं का तू?" काकाजींनी डोळे न उघडता विचारलं.

मग त्यांनी कापूस काढला आणि हातात धरून ठेवला. मी विचारलं, हे कापसाचं काय आहे म्हणून.

"तुह्या काकूले असंच ऐकू येते," ते म्हणाले.

त्यांचा आवाज इतका खाली आलेला होता की मला गाडी हळू करावी लागली.

काकूंना गेली काही वर्षं कमी कमी ऐकू येत चाललं होतं. कानाचं मशीन आणलं, पण त्याला काकाजी आणि कुकरची शिट्टी सारखीच. आधीच्या पेट्रोल गाडीत तर इंजिनची घरघरच काकूंच्या डोक्यात भरायची. त्यांनी मशीन डबीत ठेवलं, मग गाडीत बसणं सोडलं, मग लग्नाकार्याला जाणंही.

"मी जोरात बोलतो तं शब्द पोचत नाही, चेहरा पोचते," काकाजी म्हणाले. "तिले वाटते मी रागावून राहिलो. म्हणते, भांडता काहून? आता भांडत नाही मी, हे सांगाले बी ओरडाच लागते."

मागून सेल्समन म्हणाला, "सर, या व्हेरिएंटमध्ये सनरूफ पण मिळतो."

"पाहू," काकाजी म्हणाले.

काकूंना तयार करायला मार्च उजाडला. त्या मशीन लावून आल्या, कारण काकाजींनी मला सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं. काकाजींनी सांगितलं असतं तर ते पुन्हा भांडण वाटलं असतं. आधी बाईत बसलो. गाडी चालवत होते काकाजी, डावीकडच्या सीटवर काकू, मी सेल्समनसोबत मागे. बाई उत्तम चालली, पण बाहेरच्या ट्रकांची घरघर आत येत होती. काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. काकाजींनी दोनदा काही विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली, दोन्ही वेळा चुकीच्या जागी.

मग पोरगी. तोच रस्ता, तेच ट्रक. वाडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागले होते.

काकाजी समोर पाहतच म्हणाले, साध्या आवाजात, "टरबूज आले वाटते."

"आताचे फिके राहतात," काकू म्हणाल्या. "एप्रिल लागू द्या."

काकाजींना वळायचं होतं तिथे ते वळले नाहीत. सेल्समन म्हणाला, सर, यू-टर्न मागे राहिला. काकाजी सरळच जात राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "बोला ना. ऐकू येऊन राहिलं मले."

गाडी वाडी मागे टाकून गोंडखैरी गावाच्याही पुढे गेली तेव्हा कुठे वळली.

त्यांनी पोरगी घेतली. पानठेल्यावर आजही कुणी विचारलं तर ते इमानदारीने सांगतात, "जुनीच घ्या गा. लांब जाते, सर्व्हिस हाय, खाली घासत नाही." मंग तुम्ही नवी काहून घेतली, असं विचारलं की म्हणतात, "मले ते स्क्रीन आवडते." आणि स्पीडब्रेकरवर घासत, हात दाखवत निघून जातात.

परवाची गोष्ट. रविवारची दुपार, बाहेर आग पडत होती. सासूबाईंनी केलेला आंब्याचा रस वाटीत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं, आत कूलर घरभर घरघरत होता, आणि घरात कोणी नव्हतं. मी पोर्चमध्ये आले. गाडी चार्जिंगला लावलेली, काचा बंद, एसी सुरू. दोघं आत बसले होते. काकाजींचे हात सवयीने स्टीअरिंगवर. बोलत होत्या काकू. मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पण त्या हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होत्या, आणि काकाजी त्यांच्याकडे मान कलती करून, मधे एक शब्द न घालता ऐकत होते. मग ते एवढंसं काही बोलले. काकूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी रसाची वाटी आत नेऊन ओट्यावर झाकून ठेवली आणि मागच्या दाराने घरी आले.