बावीस डोकी

तात्यांकडे कुणी नवा माणूस आला, तर ते त्याचं नाव विचारत नसत. आधी त्याचा वास घेत.

मी इंग्रजी शिकायला ठाण्याला आलो, तेव्हा माझे वडील मला पोचवायला आले होते. टिटवाळ्याकडच्या आमच्या गावात अण्णांचा केवढा दरारा! त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने खोकत नसे. तात्यांनी दारातच अण्णांच्या उपरण्यापाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पेटी काढा."

"कसली पेटी?"

"काड्यांची. कमरेला आहे, उजव्या बाजूला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं, आणि कनवटीची पेटी काढून दिली. पेटीबरोबर दोन विड्याही बाहेर आल्या. माझे वडील विडी ओढतात हे मला त्या दिवशी कळलं. तात्यांनी तो सगळा ऐवज दारातल्या पाण्याच्या मडक्यात बुडवला आणि मग विचारलं, "हं, आता बोला. मुलाचं नाव काय?"

हे घर मिठाच्या एका व्यापाऱ्याने पुण्य लागावं म्हणून बांधलेलं. परगावचे विद्यार्थी आणि ज्यांना मागेपुढे कुणी नाही अशी म्हातारी माणसं, दोघांची सोय एकाच छपराखाली. शेठजींची इच्छा अशी की म्हाताऱ्यांना खाडीचा वारा मिळावा, म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर ठेवावं. तात्यांनी घराचा ताबा घेतला त्याच दिवशी म्हाताऱ्यांची अंथरुणं खाली आणली आणि पोरांची वर नेली. "वारा खायला आधी माणूस जिवंत पाहिजे," असं ते शेठजींच्या तसबिरीला उद्देशून म्हणाल्याचं सांगतात. चौदा पोरं आणि आठ म्हातारी, मिळून बावीस डोकी. रोज दिवेलागणीला तात्या ती बोटाने मोजत आणि बावीसचा आकडा आल्याशिवाय जेवायला बसत नसत.

तात्या मूळचे कल्याणचे. तिथल्या कुठल्याशा कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि एक ट्रंक व एक पितळी परात घेऊन ठाण्याला आले, तेही चालत. आगगाडी होती की! पण तात्या तिच्यात बसत नसत. "पोटात निखारे घेऊन धावते ती. तिच्यात मी बसू? मी काय कणीस आहे?"

आग या विषयावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आग काय पंचांग बघून येते?" हे वाक्य ते कुठेही वापरत. जेवताना घाई करा म्हणाले आणि का विचारलं, तर आग काय पंचांग बघून येते? धोतर घट्ट नेसा, आग काय पंचांग बघून येते? आमच्यातल्या एकाचं लग्न ठरलं, तेव्हा मुहूर्ताची गोष्ट निघाली आणि तात्या तोंड उघडणार तेवढ्यात आम्ही सगळेच एका सुरात ओरडलो.

रात्री अभ्यासाला घासलेटची चिमणी लागायची. ती पाण्याने भरलेल्या थाळ्यात ठेवायची असा नियम. एका खोलीत चार थाळे, त्यामुळे आमची भूमिती नेहमी ओली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर रेतीचं एक गाडगं. ही रेती कोलशेतचा धर्मा आगरी होडीने आणून टाकायचा. ओल धरली की तात्या ती फेकून नवी मागवत. धर्मा कपाळाला हात लावायचा. "तात्यानु, आग लागाची तवा लागंल, पन तुमच्या रेतीपायी माजी होडी झिजली ना!"

वरच्या खिडकीचे गज तात्यांनी काढून टाकले होते आणि बाहेरून एक शिडी कायमची लावून ठेवली होती. व्हायचं तेच झालं. एके दिवशी कुणीतरी त्या शिडीने वर चढून आमचे तीन तांबे आणि एकाचा नवा कोट लांबवला. फौजदार चौकशीला आला. तात्यांनी त्याला एकच प्रश्न केला, "चोर कोट घेऊन सुखरूप खाली उतरला ना?" फौजदार म्हणाला, "उतरला म्हणजे काय, पळाला." तात्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे शिडी भक्कम आहे."

पण खरा तमाशा परातीचा. ती परात तात्यांच्या लग्नातली. बायको दोन वर्षांतच तापाने गेली, मूलबाळ नव्हतं, परात तेवढी राहिली. मनात येईल तेव्हा तात्या तिच्यावर बत्ता हाणू लागत. परात वाजली की आग लागली असं समजायचं. आठ म्हाताऱ्यांना आठ पोरं नेमून दिलेली होती. दाराशी खळीने कागद चिकटवला होता आणि त्यावर वाटणी लिहिली होती: कोण कुणाला बाहेर काढणार. उरलेल्या सहांनी रेती आणि पाणी सांभाळायचं. मग सगळ्यांनी अंगणातल्या चिंचेखाली उभं राहायचं आणि तात्या डोकी मोजणार. एकदा परात वाजली तेव्हा एक जण अंगाला साबण लावून बसला होता. तो तसाच आला. तात्यांनी त्याला शाबासकी दिली आणि बाकीच्यांना त्याचा आदर्श ठेवायला सांगितलं.

माझ्या वाटणीला काशीकाकू आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, विधवेच्या लाल आलवणातल्या, कडक सोवळ्याच्या. पहिल्या दिवशी परात वाजली आणि मी धावत त्यांच्या चुलीपाशी गेलो.

"काकू, चला! आग!"

"हात लावू नकोस, मेल्या! सोवळ्यात आहे मी."

"अहो, पण आग लागलीय."

"मग लागू दे. आमटीला फोडणी देते आणि येते."

चिंचेखाली एकवीस डोकी भरली आणि बाविसावं डोकं फोडणी देऊन, आमटी झाकून, सावकाश आलं. तात्या कळवळले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गावातल्या शास्त्रीबुवांना गाठलं आणि निर्णय आणला: आगीसारख्या संकटात शिवाशिव झाली तरी दोष नाही, तो आपद्धर्म. तात्या विजयी मुद्रेने काकूंसमोर उभे राहिले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तात्या, शास्त्रीबुवा शहाणे आहेत. खऱ्या आगीला आपद्धर्म. तुमच्या खोट्या आगीला कसला आला आपद्धर्म?"

पुढे तीन वेळा परात वाजली, तीन वेळा माझा हात काकूंना लागला, आणि तीन वेळा त्यांनी थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. मग त्यांना पडसं झालं. तात्या आठवडाभर त्यांच्या दाराशी सुंठीचा काढा ठेवत राहिले, आणि शेवटी त्यांना उपाय सापडला. लोकरीला विटाळ नाही! त्यांनी काकूंच्या दाराशी खुंटीला एक धाबळी टांगली. परात वाजली की धाबळीचं एक टोक मी धरायचं, दुसरं काकूंनी, आणि मी ओढत न्यायचं. बाजारातून म्हैस आणावी तशी मी त्यांना आणत असे. काकू वाटेत थांबून ओळखीपाळखीच्यांशी बोलतही असत.

तात्यांना आगीचं एवढं वेड का, यावर आम्ही पोरांनी पुष्कळ कथा रचल्या होत्या. कुणी म्हणे त्यांचं घर जळालं, कुणी म्हणे पत्रिकेत तसं लिहिलंय. एकदा मी धीर करून विचारलंच. तात्या बत्ता पुसत होते.

"काही जळलं नाही रे माझं. जळायला होतं काय?" ते म्हणाले. "पण असं बघ, घरात आग लागली तर आई पोराला हाक मारते, पोरगा बापाला उचलतो. सांगावं लागत नाही. इथे कोण कुणाचं आहे? तुमचे आईबाप तिकडे, ह्यांची पोरं असून नसल्यासारखी. मग कुणीतरी वाटणी करून द्यायला नको?"

मला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यांनी परात वाजवली आणि ती माया आटली.

अखेर तक्रारी घराचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या कानावर गेल्या. पोरं नापास होतात, म्हातारे धापा टाकतात, शेजारचं तान्हं मूल दचकतं. एका रविवारी दुपारी पंचांतले मुख्य, भाऊसाहेब, स्वतः आले. पागोटं, लांब अंगरखा, मागे छत्रीवाला. त्या दिवशी पहिल्यांदाच तात्यांनी एका माणसाचा वास घेतला नाही. हात जोडून बाजूला उभे राहिले. भाऊसाहेब घरभर हिंडले, मागच्या सरपणाच्या खोलीपर्यंत जाऊन आले, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तात्या, फार झालं. ही परात पुन्हा वाजली, तर उद्या दुसरा माणूस येईल. तुम्ही तुमची ट्रंक उचला."

तात्या "बरं" म्हणाले. ट्रंक उचलून जायला त्यांना जगात दुसरी जागा नव्हती, हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी परात आतल्या फडताळात ठेवली आणि वर कापड टाकलं. आम्हांला आनंद व्हायला हवा होता. पण कुणी धड अभ्यास करीना, कुणी धड झोपेना.

तास गेला असेल नसेल, परात वाजली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "गेले तात्या," कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्याला राहवलं नाही." मग न ठरवताच सगळे उठले. जिन्यावर एकाचाही धक्का दुसऱ्याला लागला नाही. इतका शिस्तीत जिना आम्ही आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. शेवटचीच परात, निदान चांगली होऊ दे, एवढंच प्रत्येकाच्या मनात. मी काकूंच्या दाराशी पोचलो तर काकू चुलीवरची कढई उतरवून, धाबळीचं टोक धरून तयार!

"चल लवकर," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला आज नावं ठेवायला नकोत कुणी."

चिंचेखाली पोचून मागे वळलो, तेव्हा घराच्या मागच्या अंगाने काळा धूर वर येताना दिसला.

परात थांबली होती. नेमलेली सहा पोरं गाडगी घेऊन बाहेरच्या बाजूने सरपणाच्या खोलीकडे धावली, रेती टाकून होडीवर परतणारा धर्माही पाटी घेऊन धावला. खोलीत वाळल्या गोवऱ्या होत्या, ज्वाळा कौलांपर्यंत गेल्या होत्या. पण रेती एवढी होती की खाडी रिकामी झाली असावी. बघता बघता जाळ दबला आणि नुसता धूर राहिला. पोरं काळी होऊन परत आली. मोजायला तात्या नव्हते, म्हणून मीच बोटाने मोजलं. वीस, एकवीस, बावीस.

"बावीस!" मी ओरडलो. "सगळे आले!" पोरांनी उड्या मारल्या.

"आणि तात्या?" काकूंनी विचारलं.

"तात्या बाविसांत नाहीत, काकू."

"मग कुणाच्या वाटणीला आहेत?"

मी आठवून पाहिलं. रोज जातायेता तो कागद वाचत होतो मी. त्यावर तात्यांचं नावच नव्हतं. आठ म्हाताऱ्यांना आठ पोरं त्यांनी नेमून दिली होती, आणि स्वतःला कुणीच नाही.

मी काही बोलायच्या आत काकू वळल्या. सत्तरी उलटलेली ती बाई पदर तोंडावर दाबून सरळ घरात शिरली. धाबळी माझ्याच हातात राहिली. मी मागोमाग धावलो. तात्या मधल्या बोळात होते. म्हाताऱ्यांच्या खोल्यांकडे धूर जाऊ नये म्हणून सरपणाच्या खोलीचं दार पाठीने दाबून बसले होते, आणि खोकून खोकून उठायचं त्राण उरलं नव्हतं. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. नुसत्या हाताने.

"ऊठ, मेल्या," त्या म्हणाल्या. "आपद्धर्म आहे."

आम्ही दोघांनी त्यांना चिंचेखाली आणलं. श्वास जागेवर आल्याबरोबर त्यांनी बोट वर केलं आणि मोजायला सुरुवात केली. "एकवीस... बावीस. बरोबर."

"तेवीस," काकू म्हणाल्या.

"बावीस, काकू. मी मोजलीत."

"मीही मोजलीत. तेवीस."

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. धूर गेला म्हणाले. आमच्यातल्या कुणालाही ते खरं वाटलं नाही, आणि मला तर स्वतःचे डोळे पुसायला धाबळीशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं. काकू त्या दिवशी अंघोळीला विहिरीवर गेल्या नाहीत.

संध्याकाळी राखेत विडीचं एक थोटूक सापडलं. त्या खोलीकडे दिवसभरात कोण गेलं होतं हे सांगायची गरज नव्हती. तात्यांनी ते मडक्यात बुडवलं आणि कुणाला बोलू दिलं नाही. "चूक माझीच. वास घ्यायचा राहिला," एवढंच म्हणाले. ट्रंकेचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या खेपेला भाऊसाहेब आले तेव्हा तात्या नाक पुढे करून दोन पावलं सरकले, आणि भाऊसाहेबांनी न बोलता अंगरख्यातली पेटी काढून दिली.

तेव्हापासून दिवेलागणीच्या मोजणीत थोडा बदल झाला. तात्या बावीसपर्यंत मोजून थांबत. मग काकूंच्या चुलीपासून आवाज येई, "तेवीस!" तो आला की तात्या जेवायला बसत.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी काकू गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला उचलू दिलं नाही. दहावा बारावा झाला आणि तात्या पुन्हा अंगणात मोजायला उभे राहिले. बोट फिरत गेलं आणि एकवीसवर थांबलं. ते तसेच उभे राहिले, चुलीच्या दिशेने कान लावून. मी वरच्या बिनगजाच्या खिडकीत होतो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"बावीस!"

तात्यांनी दचकून वर पाहिलं.

"ओरडतोस काय एवढा?" ते म्हणाले. "आग लागलीय का?" आणि जेवायला आत गेले.