भिंत नसलेलं फाटक

समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो. त्याचं फाटक मात्र कार्यालयीन वेळेत, म्हणजे दहाला उघडतं. समुद्राने आपली वेळ बदलावी, असं खात्याने वारंवार कळवलं आहे.

हे फाटक अलीकडच्या किनाऱ्यावर आहे. दोन खांब, लोखंडी दार, कुलूप. डावीकडे भिंत नाही, उजवीकडेही नाही. नुसती वाळू.

माझ्या बायकोला किल्ल्याच्या वरच्या खिडकीत बसून तो रस्ता बुडताना बघायचा होता. आजारपणात तिने दुसरं काही मागितलं नाही. ती गेल्यावर मी आणि तिची धाकटी बहीण, आम्ही तिच्या वतीने बघून यायचं ठरवलं. किल्ला दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीसाठी बेमुदत बंद होणार होता. त्यामुळे जे व्हायचं ते आजच.

उजाडताच आम्ही रांगेत उभे राहिलो. रस्ता ठणठणीत कोरडा होता. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांना मी विनंती केली. त्यांनी शांतपणे समजावलं, की ओहोटी आहे हे खात्याला मान्य आहे, पण ती कामाच्या वेळेबाहेर आल्याने तिची दखल घेता येत नाही. दहाला तर पाणी असेल, मी म्हणालो. ते म्हणाले, पाणी असेल तर सुरक्षेसाठी जाणं बंद राहील, पण फाटक उघडं असेल, त्याबद्दल निश्चिंत राहा.

रांगेला हे पटलं. साहेब निदान नीट बोलतात, असं मत पडलं.

मेहुणीने चपला हातात घेतल्या. "भाऊजी, बाजूने चला ना. भिंत कुठंय?"

"नंबर जाईल."

"जाऊन जाऊन कुठे जाईल?"

ती बाजूने निघाली. साहेब उठले नाहीत; त्यांचा अधिकार फाटकाच्या रुंदीइतकाच होता. उठली ती रांग.

"ओ बाई, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

ती वाळूवरून पुढे गेली. मग कोणीतरी विचारलं, ही कोणाबरोबर आहे? सगळे माझ्याकडे बघू लागले.

"माहीत नाही," मी म्हणालो.

दहाला फाटक उघडलं. आम्ही एकेक करून त्यातून गेलो, पाण्याला पाय लावून परत आलो. साहेबांनी प्रत्येकाच्या तिकिटावर 'भेट पूर्ण' असा शिक्का मारला. समोर वरच्या खिडकीत मेहुणी बसलेली दिसत होती. बायकोला जे बघायचं होतं ते तिच्या बहिणीने बघितलं. मी तेच उलट्या बाजूने बघितलं.

ही हकीकत ऐकून प्रत्येकजण म्हणतो, मी असतो तर सरळ बाजूने गेलो असतो. मेहुणी पलीकडे पोचल्यावर रांगेतही आम्ही सगळे हेच म्हणत होतो, दहा वाजेपर्यंत.