तक्रार नसलेला नवरदेव

जुन्या जालन्यातल्या घरात बसून साधना एका प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी नवं फंक्शन लिहीत होती. देशोदेशीच्या लोकांनी हौसेनं चालवलेली ती भाषा. कितीही लांब यादी दिली तरी सांगाल त्या निकषानं तिचे गट पाडायचे, एवढंच या फंक्शनचं काम. अडलं होतं एकाच ठिकाणी. ज्याला निकष लागूच होत नाही, त्याचं काय करायचं? साधनाचं मत ठाम होतं: गुपचूप गाळून टाकायचं. फिनलंडचे एक गृहस्थ यावरून तिच्याशी वाद घालून थकले होते.

"साधने, तुझं ते बटणं दाबणं ठिव बाजूला," सासूबाई, द्वारकाबाई, दारात येऊन म्हणाल्या. "उद्या शहागडला वऱ्हाड न्यायचं, अन् तीन गाड्यांत कोण कुठं बसायचं त्यावरून आत्ताच भांडणं लागून राह्यलीत."

धाकट्या दिराचं, प्रितमचं लग्न होतं. साधनाचे डोळे चमकले. फंक्शन तपासायला याहून चांगली यादी कुठून मिळणार?

तिनं घरभर फिरून प्रत्येकाची तक्रार विचारली. कडूबामामांना गाडी लागायची. तसे सगळे पहिल्या गाडीत, खिडकीशी. मालनबाईंचे गुडघे वाकत नव्हते. गुडघेवाले दुसऱ्या गाडीत, पाय पसरून. ज्यांना या दोघांची बडबड सोसत नव्हती ते तिसऱ्या गाडीत. फंक्शननं क्षणात गट पाडले आणि या घराण्यात पहिल्यांदाच कुणी रुसलं नाही.

"शिकलेली सून उगंच न्हाई आणली!" द्वारकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

सकाळी गाड्या सुटल्या. पहिल्या गाडीला वाटलं, नवरदेव आईजवळ दुसऱ्या गाडीत असेल. दुसरीला वाटलं, वहिनीबरोबर तिसरीत. आणि तिसरीला खात्रीच होती की नवरदेवाचा मान पहिल्या गाडीचा.

शहागडला बँड वाजू लागला. पहिल्या गाडीचं दार उघडताच नवरीच्या आईनं कुंकवाचं बोट टेकवलंसुद्धा, तर समोर नाकाशी लिंबू धरलेले कडूबामामा! दुसऱ्या गाडीतून आधी मालनबाईंचे पाय आले, मग बऱ्याच वेळानं मालनबाई. तिसऱ्या गाडीतून शेवटी साधना उतरली. तिच्यामागं कुणीच नव्हतं. बँड आपोआप थांबला.

"नवरदेव कुठंय?" नवरीच्या काकांनी विचारलं.

साधनानं घाईनं यादी उघडली. यादीत सगळ्यांच्या नावापुढं तक्रार होती. प्रितमची कसलीच तक्रार नव्हती.

"आत्या," ती सासूच्या कानाशी लागली, "भाऊजी गाळले गेले."

"गाळले? म्हंजे? च्या हाय का त्यो?"

प्रितमचा मोबाइलही साधनाच्याच पर्समध्ये होता. तिनं जालन्याला घराशेजारच्या नदीमला फोन लावला.

"बिलकुल फिकीर नका करू, भाभी. जल्दी घेऊन येतो!"

इकडं काका कुजबुजू लागले, "पोरगं पळालं का काय?" द्वारकाबाईंनी पदर खोचला. "पळंल कशाला? अंबडला देवीच्या पाया पडायला थांबलंय. देवभोळं हाय लेकरू!" आणि बँडवाल्यांकडं वळल्या, "वाजवा रं तुम्ही!"

बँडवाले घामाघूम झाले तेव्हा कुठं नदीमची मोटरसायकल मांडवासमोर आली. मागं प्रितम, हेल्मेटमधून मुंडावळ्या लोंबत असलेला. मुहूर्त जेमतेम गाठला. अक्षता पडल्या आणि साधनाचा जीव भांड्यात पडला.

जेवणाच्या पंगतीत ती नवरानवरीसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, चुकलं माझं. त्या फिनलंडवाल्यांचंच खरं होतं. आजच कळवते, कुणाला गाळायचं नाही, उरलेल्यांचा वेगळा गट करायचा."

प्रितम जिलबी मोडत हळूच म्हणाला, "वहिनी, गाड्या निघाल्या तवा म्या गच्चीवरून बघून राह्यलो होतो."

"मग हाक का नाही मारली?"

"आठवडाभर कुणी न कुणी हळद लावायला नाही तर सल्ला द्यायला आल्तंच. गाड्या गेल्या अन् घर असं शांत झालं म्हणता! च्या केला, ओट्यावर पाय सोडून बसलो. म्हणलं, लक्षात आलं की येतील. पण नदीम लईच जल्दी आला."

शेजारी नवरी, शीतल, मान खाली घालून बसली होती. सकाळपासून तिच्याभोवतीही बायकांचा गराडा होता आणि आत्ताही मागून कुणी तिचा गजरा ओढून नीट करत होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि साधनाला जवळ बोलावलं.

"वहिनी," ती पुटपुटली, "पुढच्या खेपेला गाळायचं झालं, तर दोघांला संगंच गाळा."