एक थोबाडीत, चष्म्यासकट

चष्मेकाकांनी आयुष्यात कोणाच्या थोबाडीत मारली नव्हती. खाल्ल्या मात्र भरपूर होत्या. शाळेत गणिताच्या मास्तरांकडून, घरी वडिलांकडून आणि एकदा तर बसस्टॉपवर एका अनोळखी गृहस्थाकडून. तो गृहस्थ नंतर म्हणाला, "माफ करा हं, मागून तुम्ही थेट आमच्या भाडेकरूसारखे दिसलात." (यावर काकांनी "असू दे, असू दे" म्हटलं. वर त्याचा चष्मा एका बाजूला कलला होता, तोही नीट करून दिला.)

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाचा हात असाच होऊन जातो. दिवसभर लोकांच्या चेहऱ्याला अलगद हात लावायचा, दांडी कानामागे बसवायची, "टोचत नाही ना?" असं विचारायचं. मारायला लागणारा जोर त्या हातात येणार कुठून? मराठीत मारायला थोबाड आहे, मुस्काट आहे, कानशील आहे, कानफट आहे, फारच आदर असेल तर श्रीमुख आहे. काकांना यातल्या प्रत्येक जागी चष्म्याची दांडी नेमकी कुठून जाते एवढंच ठाऊक होतं.

त्या दिवशी दुकानात एक तरुण बाई आल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, वयानं काकांच्या भाचीएवढ्या. त्या टीव्ही मालिकेच्या दिग्दर्शिका होत्या आणि त्यांना काचा नसलेल्या फ्रेम हव्या होत्या, कारण काचेवर दिवे चमकतात. काका फ्रेम दाखवत होते आणि बाई फ्रेमऐवजी काकांकडे बघत होत्या.

"काका, अभिनय कराल? आमच्या हिरॉइनच्या वडिलांची कंबर धरलीये. एकच सीन आहे. जावई तुमच्या मुलीला छळतो. तुम्ही येता, म्हणता, 'पुन्हा माझ्या मुलीच्या वाटेला गेलास तर याद राख!' आणि देता एक ठेवून."

काका नाही म्हणणार होते. अगदी 'ना' ओठांपर्यंत आला होता. पण तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर फुकटचा चहा पीत बसलेला त्यांचा मेहुणा असा काही हसला, की चहा नाकातून काउंटरवर आला.

"भाऊजी? आणि थोबाडीत? अहो मॅडम, हे डास मारायच्या आधी त्याची परवानगी घेतात!"

काकांनी काउंटर पुसला. फ्रेमही पुसल्या. मग अत्यंत हळू आवाजात ते म्हणाले, "मी करणार."

(राग आला की काकांचा आवाज आणखी खाली जायचा. त्यामुळे त्यांना राग येतो ही बातमी आजवर बाहेर फुटली नव्हती.)

घरी बायकोला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली.

"हे बघा," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी माहेरी ऐकतेय. तुझा नवरा म्हणजे गरीब गाय. माझे काका तेच, मामी तेच, आणि आमच्या बंधुराजांना तर दुसरा विषयच नाही. त्या दिवशी सगळ्यांना आपल्याकडे बोलावते टीव्ही बघायला. एकदाच, पण अशी द्या की सगळ्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत. माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' म्हटल्यावर काकांनी कंबर कसली. आता मागे हटणं नाही.

आधी अभ्यास. रोज संध्याकाळी ते मालिका बघू लागले. तिथली थप्पड म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. मारणारा एकदाच मारतो, पण खाणारा तीनदा खातो: एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा छतावरून. ढग गडगडतात, पडदे उडतात, स्वयंपाकघरातल्या बाईच्या हातातलं ताट पडतं. काकांना गणिताचे मास्तर आठवले. त्यांनी मारली तेव्हा काहीच उडालं नव्हतं. फक्त कानात बराच वेळ 'कुंई' असा आवाज येत होता आणि मास्तर पुढचं गणित घालत होते.

मग सराव. पहिल्यांदा उशीला मारून पाहिली. मारल्यावर उशीला खड्डा पडला तो त्यांनी थोपटून सारखा केला. बायको म्हणाली, "उशीचे काय लाड चालवलेत? मला मारा. हळूच. पण मारा."

काकांनी हात उगारला. तो खाली येता येता मऊ पडत गेला आणि बायकोच्या गालावर येऊन थांबला.

"अगं, तुझं अंग जरा गरम लागतंय. कणकण आहे का?"

"हात मेले तुमचे! हे बघा, असं मारतात!" बायको म्हणाली आणि तिनं दाखवलं.

पुढचा काही वेळ काका सोफ्याखाली स्वतःचा चष्मा शोधत होते. "अगंबाई, लागलं का हो?" असं बायको वरून विचारत होती आणि "छे छे, आता नीट समजलं," असं काका खालून सांगत होते.

शूटिंग एका भाड्याच्या बंगल्यात होतं. मालिकेतला खलनायक जावई म्हणजे प्रत्यक्षात मोठा गोड मुलगा निघाला. उंच, धिप्पाड आणि नाकावर काकांच्याच दुकानातली फ्रेम. "काका, बिनधास्त मारा," तो म्हणाला, "मला सवय आहे. या महिन्यात सासू, मेहुणी, वकील, सगळ्यांनी मारून झालंय."

दिग्दर्शिकेनं समजावलं, "हात गालापासून वीतभर लांबून जाऊ द्या. तो मान झटकेल. बास."

"म्हणजे लागणारच नाही?" काका जरा खट्टूच झाले. इतक्या दिवसांची तयारी!

पहिला टेक. काका तरातरा आत आले. डोळ्यांत अंगार. "पुन्हा माझ्या मुलीच्या वाटेला गेलास तर याद राख!" आवाज असा लागला की दिवेवाल्यांनीही माना वर केल्या. काकांनी हात उचलला, खलनायकाच्या नाकावरचा चष्मा दोन्ही हातांनी अलगद काढला, दांड्या मिटल्या, टेबलावर ठेवला आणि मग पुन्हा हात उगारला.

"कट! काका, चष्मा का काढलात?"

"काच फुटून डोळ्यात गेली म्हणजे?"

"त्याला काचाच नाहीयेत! तुम्हीच दिल्यात ना फ्रेम!"

दुसऱ्या टेकला त्यांनी मनाशी पक्कं केलं की चष्म्याला हात म्हणून लावायचा नाही. हात सुटलाही झकास. पण अर्ध्या वाटेत त्यांना दिसलं की डावी दांडी किंचित वर आहे. हातानं परस्पर निर्णय घेतला आणि दांडी खाली दाबून तो परत आला.

"काका!" दिग्दर्शिका ओरडली.

"नाही, ते वाकडं दिसलं असतं टीव्हीवर," काका म्हणाले. "लोक म्हणाले असते, दुकान कुठलं?"

तिसऱ्या वेळी त्यांनी एकच उपाय केला. डोळे मिटले. डोळे मिटले की चष्मा दिसत नाही. पण डोळे मिटले की वीतभर अंतरही दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. निश्चयानं ते एक पाऊल जास्तच पुढे गेले आणि हात फिरवला.

फाट्‌!

पडदे उडाले नाहीत. ढग गडगडले नाहीत. खलनायक गर्रकन फिरला वगैरे काही नाही. तो जागच्या जागी उभा राहून लहान मुलासारखा "आई गं" एवढंच म्हणाला. आणि काका, ज्यांनी या क्षणासाठी उशीसुद्धा सोडली नव्हती, ते कॅमेरा चालू असतानाच त्याची हनुवटी धरून म्हणत होते, "अरे बाळा! लागलं का रे? बघू, इकडे बघ. माझी किती बोटं दिसतायत?"

दिग्दर्शिका खुर्चीत बसली. बराच वेळ तिनं टोपी तोंडावर ओढून घेतली होती. टोपी वर गेली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

"सीन उलटा करू या. काका धमकी देतात, आणि जावई काकांना मारतो! प्रेक्षक पेटतील!"

हा टेक एका झटक्यात ओके झाला. खलनायकाचा हात वीतभर लांबून गेला आणि काका इतक्या मनापासून घाबरून कोलमडले, की सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. "काका, तुम्ही जन्मजात कलाकार आहात!" दिग्दर्शिका म्हणाली. काका खुशीत घरी निघाले. आपण नेमकं कशात जन्मजात आहोत, हे त्यांच्या डोक्यात घराचा जिना चढताना शिरलं. "कसं झालं?" असं बायकोनं विचारलं, तर "एका टेकमध्ये ओके" एवढंच त्यांनी सांगितलं. खोटं ते काहीच बोलले नव्हते.

ज्या संध्याकाळी तो भाग लागला, त्या संध्याकाळी सगळं माहेर हजर होतं. बायकोनं मेहुण्याला मुद्दाम टीव्हीच्या अगदी समोर बसवलं. काकांना अचानक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आठवण झाली, पण बायकोनं हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं.

टीव्हीवर काका तरातरा आत आले. "वा!" सासरचे लोक म्हणाले. काकांनी धमकी दिली. "वा वा!" बायको ताठ बसली. आणि मग खलनायकानं हात उगारला. काका डावीकडून कोलमडले. काका उजवीकडून कोलमडले. काका छतावरून कोलमडले. ढग गडगडले, ताट पडलं, आणि शेवटी काकांचा चेहरा काळापांढरा होऊन पडद्यावर तसाच राहिला.

मग मेहुण्यानं घसा साफ केला. "भाऊजी," तो म्हणाला, "पडलात मात्र झकास."

बायकोनं चहाचे कप उचलले आणि स्वयंपाकघरात एकेक करून असे आपटले, की काकांना प्रत्येक कप आपल्याच गालावर फुटल्यासारखा वाटला. टीव्हीवरची थप्पड त्यांना लागली नव्हती. ही लागली.

दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन दुकानात आली होती, आणि नेमका तेव्हाच खलनायक आत शिरला.

"काका, स्क्रिप्ट वाचताना अक्षरं पुसट दिसतात. जरा नंबर काढता का?"

बायकोनं त्याला ओळखलं. डबा काउंटरवर ठेवला आणि पदर खोचला. "तूच ना रे तो? सगळ्या जगासमोर यांच्या थोबाडीत मारणारा?"

"काकू, ते खोटं असतं हो. हात लागतच नाही."

"हात लागला नसेल. पण माहेरच्यांसमोर मला लागला ना!" ती काकांकडे वळली. "इथे कॅमेरा नाही, ती टोपीवाली नाही. मारा याला."

"अगं, गिऱ्हाईक आहे तो."

"मारा म्हणते ना! की मी आयुष्यभर खाली मान घालून माहेरी जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मात्र काकांना बघवेना. इतकी वर्षं या बाईनं आपल्यापायी टोमणे ऐकले आणि माहेरी कधी उलट शब्द काढला नाही! काका काउंटरच्या बाहेर आले. मुलगा निरपराध होता, हे त्यांना कळत होतं. पण आता थांबणं नव्हतं. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सगळा जीव एकवटून हात फिरवला.

खाडकन आवाज झाला. तळहाताला झिणझिण्या आल्या. काहीतरी धाडकन खाली पडलं आणि पाठोपाठ फ्रेमचा पाऊस पडला. काकांनी डोळे उघडले, तर खलनायक फरशीवर आडवा, गालाला हात लावून, आणि सगळीकडे चष्मेच चष्मे.

'मारली! मी मारली!' काकांची छाती अभिमानानं फुगली. ते मागच्या खोलीत पाणी आणायला धावले. रुमाल ओला करताना बाहेरून बायकोचा आवाज कानावर आला. ती भावाशी फोनवर बोलत होती.

"अरे, काय सांगू तुला! तोच तो टीव्हीवरचा. आला होता दुकानात. यांनी आव बघितला ना ताव, अशी एक ठेवून दिली की एवढा धिप्पाड माणूस आडवा! हो, हो, अजून उठला नाहीये. म्हणून सांगते, इथून पुढे यांच्याशी जरा जपून बोलत जा."

काका ओला रुमाल हातात धरून तसेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला आवाज मोठा काढावासा वाटला.

बायको आत आली. दार हळूच लोटून घेतलं.

"रुमाल कशाला?"

"त्याच्या गालावर ठेवतो. जरा जास्तच जोरात बसली का गं?"

बायकोनं त्यांचा लाल झालेला तळहात हातात घेतला आणि त्यावर फुंकर घातली.

"अहो, गालाला कुठे लागली? तुमचा हात चष्म्यांच्या स्टँडवर बसला. तो पोरगा आपला सवयीनं पडला."

काकांची छाती जागेवर आली. "मग तू फोनवर ते...?"

"माहेरी काय सांगायचं ते माझं मला कळतं," बायको म्हणाली आणि तिनं ओला रुमाल त्यांच्याच हाताला गुंडाळला. "आता बाहेर जा आणि त्या पोराला उठवा. तुमची अब्रू राखायला बिचारा मघापासून फरशीवर पडून राहिलाय."