मधलं घर

एक घर सोडून राहणाऱ्या मंगरूनं घरावर स्लॅब टाकला त्या दिवसापासून वासुदेवरावांना भात गोड लागत नव्हता. त्यात दोघांच्या मधोमध कैलाशचं घर अकरा वर्षं कुलूपबंद. कैलाश पोटापाण्यासाठी भिलाईत, इकडे छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, घसरलेले, भिंतीला हात जाईल एवढी भेग. येत्या वैशाखात वासुदेवरावांच्या मुलाचं, धर्मेंद्रचं लग्न होतं आणि नव्या सुनेला घरात खोली नव्हती. मधली जागा हाती आली की प्रश्न मिटला. पण खरं सांगायचं तर सुनेला खोली मिळावी यापेक्षा ती जागा मंगरूला मिळू नये, हीच तळमळ मोठी होती.

अख्ख्या एकोडीत कैलाशचा नंबर एकट्या शकुनबाईकडे. ती त्याची मावशी. वासुदेवरावांनी तळ्यातले किलोभर झिंगे तिला नेऊन दिले आणि नंबर आणला.

फोनवर त्यांनी आवाज अगदी कळवळ्याचा केला. "कैलाश, बावा, तुझं घर आता पडाले आलं. पडल्यावर मातीले कोन पैसे देते? उभं हाय तवरक देऊन टाक. आपल्या मानसाले देल्लं तं घर घरातच राह्यते."

"मंडईले येतो न काका, तवा पाहू," कैलाश म्हणाला. "कालच मंगरूभाऊचाबी फोन आल्ता."

वासुदेवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. शकुनबाईनं तोच नंबर मंगरूलाही दिला होता, आणि चौकशी केली तर कळलं, कोंबडा घेऊन! कोंबडा! त्याच्यापुढे आपले झिंगे किती हलके पडले असतील, या विचारानं त्यांना फोनपेक्षा जास्त लागलं.

दिवाळी सरली. भाऊबीजेनंतर गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा; बाहेर गेलेला प्रत्येक माणूस गावात येणार. आठ दिवस आधी वासुदेवराव पाहतात तर काय, मंगरू कैलाशच्या अंगणात खराटा घेऊन उभा!

"काहून झाडून राहिला रे?"

"शेजारधर्म, वासुदेवभाऊ. लेकराइले घेऊन येऊन राहिला थो, पाय ठेवाले जागा तं पायजे."

शेजारधर्म! ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःच्या दारातलं पान उचललं नाही, तो म्हणे शेजारधर्म! वासुदेवरावांनी त्याच दुपारी चिखल कालवून कैलाशच्या भिंतीची भेग लिंपली. संध्याकाळी मंगरूनं स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून ओट्यावर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी वासुदेवरावांनी लग्नासाठी आणून ठेवलेला चुना काढला आणि कैलाशच्या भिंती पांढऱ्याफेक केल्या. मंगरूनं दाराला हिरवा रंग फासला. आता राहिलं छप्पर. मंगरू शिडी शोधतोय अशी खबर आली, आणि तालुक्याच्या साकोलीहून कवेलू आणायला वेळ कुठला? वासुदेवराव आपल्याच घरापुढच्या सपरीवर, म्हणजे पडवीच्या छपरावर चढले आणि तिथलेच कवेलू उतरवू लागले.

"अवो, डोस्कं फिरलं का तुमचं?" त्यांच्या बायको रुखमिणीबाई खालून ओरडल्या. "आपलं उघडं पाडून त्याचं झाकून राहिले!"

"चूप राह्य. सौदा झाला का ते घर आपलंच हाय. कवेलू कुठी जाते?"

"आन् सौदा मंगरूसंग झाला तं?"

नुसत्या कल्पनेनं त्यांच्या हातून दोन कवेलू सुटून फुटले.

मंडईच्या सकाळी कैलाश बायकापोरांसह ऑटोतून उतरला. वासुदेवराव पाण्याचा लोटा घेऊन धावले, तर मंगरू आधीच चहाचा कप धरून उभा. कैलाशनं दोन्हींपैकी काहीच घेतलं नाही. तो घराकडे पाहतच राहिला.

"अवो, तुमी तं म्हणत होते घर पडाले आलं," त्याची बायको म्हणाली. "हे तं आपल्या भाड्याच्या खोलीपेक्षा साजरं हाय!"

कैलाशचे डोळे भरून आले. "काका, मंगरूभाऊ, असे शेजारी भिलाईत कुठी भेटते? साकोलीले दुकान टाकाचं लय दिवसांपासून मनात होतं, राहाच्या घरावाचून अडलं होतं. आता नाही विकत मी घर. येतोच राहाले."

मंगरूच्या हातातला चहा निवत चालला. वासुदेवरावांना, खोटं कशाला बोला, क्षणभर गारेगार वाटलं. आपल्याला नाही तर नाही, मंगरूच्याही पदरात नाही पडलं!

तेवढ्यात कैलाशची नजर त्यांच्या सपरीकडे गेली. वरचे बांबू उघडे, चुन्यावाचून भिंत काळवंडलेली. तो जवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कळवळून म्हणाला, "काका, एक सांगू? तुमचं घर आता पडाले आलं. पडल्यावर मातीले कोन पैसे देते? उभं हाय तवरक देऊन टाका. मले दुकानाच्या मालासाठी जागा लागनच. आपल्या मानसाले देल्लं तं घर घरातच राह्यते."

"घ्या!" रुखमिणीबाईंनी कपाळावर हात मारला. "आता सुनेले काय मंगरूच्या स्लॅबावर निजवता?"

वासुदेवरावांनी कैलाशच्या छपरावरच्या आपल्या कवेलूंकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कैलाशला बाजूला ओढलं आणि मंगरूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"मंगरूचं घर कितीले मागशीन? माह्याले त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त पायजे."